चालत येणारी खोली

जळगावच्या ज्या दुकानातून मी कॅमेरा घेतला, तिथल्या दुकानदाराने तो काउंटरवर ठेवण्याआधी खाली लाल मखमलीचा तुकडा अंथरला. पहिली शंका मला तिथेच आली. चांगल्या वस्तूला आसन लागत नाही असं माझं मत आहे, आणि ते सत्कार समारंभांतल्या खुर्च्या बघून बनलेलं आहे.

दिवस रोलचे होते. साध्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं, त्यामुळे बघितलं एक आणि धुऊन आलं दुसरंच, असं व्हायचं. कडेला उभा राहिलेला मेहुणा खिडकीत पुरता दिसायचा, प्रिंटमध्ये त्याचा एक कान यायचा. स्टुडिओवाल्यांकडे रिफ्लेक्स असत. त्यांच्या पोटात आरसा असतो. भिंगातून आलेलं दृश्य तो थेट डोळ्यापर्यंत पोचवतो, म्हणजे दिसतं तेच येतं. पण त्यांना भिंगं बदलावी लागत, त्यासाठी खांद्यावर पिशवी लागे, आणि खांद्यावर पिशवी आली की माणूस चालतोही वेगळा. मला दाखवलेला कॅमेरा या दोघांच्या मधला होता. रिफ्लेक्सच, पण झूम लेन्स अंगालाच जोडलेली.

"लेन्स बदलायची कटकट नाही, धूळ आत जायची भीती नाही," दुकानदार म्हणाला. "आणि सर, तुम्ही जागचं हलायचं नाही. लेन्स पुढेमागे होईल, तुम्ही आरामात उभे राहा."

मी लेन्स धरून जरा पिळून बघितली. त्याने माझं मनगट पकडलं.

"निघत नाही ती."

"का निघत नाही?"

"निघायची गरजच नाही ना, सर."

मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. परत आलेलं प्रत्येक पुस्तक उघडून पानं शाबूत आहेत का ते बघणं हे माझं काम होतं, आणि नोकरी संपली तरी ते काम संपलेलं नाही. घरी आलेल्या पाहुण्यांकडेही मी तसंच बघतो, अशी घरातून तक्रार आहे. जे उघडून बघता येत नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही कॅमेरा घेतला. संशय येतो म्हणून मोह होत नाही, असं थोडंच आहे.

शिवाय त्यात आणखी एक सोय होती. फोटोच्या कोपऱ्यात तो नारिंगी आकड्यांत तारीख छापायचा. सही-शिक्क्याच्या देशात वाढलेल्या माणसाला कोपऱ्यात तारीख असलेला कुठलाही कागद खरा वाटतो. हे मला तेव्हाही कळत होतं, पण उपयोग झाला नाही.

कॅमेऱ्याचं वर्षातून एक काम ठरलेलं असे, ते म्हणजे आखाजीचा, अर्थात अक्षय्य तृतीयेचा फोटो.

आमचं शेत पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या बाजूला आहे. मी धुळ्यात आणि माझी थोरली बहीण जळगावात. तिला सगळे अक्काच म्हणतात, मीही म्हणतो. आई-वडील गेले, गावातलं घर पडलं, त्यानंतर अक्काला माहेर म्हणून उरलं ते एवढंच, शेतातला निंब आणि त्याला आखाजीला बांधला जाणारा झोका. तो झोका मी बांधत नसे. मला गाठी येत नाहीत. झोका बांधायचे शेजारच्या शेताचे मालक, ज्यांना आम्ही नाना म्हणतो. वडिलांचे दोस्त, आता ऐंशीच्या घरातले. आखाजीच्या आठ दिवस आधी ते जळगावला फोन करून अक्काला दरवर्षी एकच प्रश्न विचारत, "दोर कोणता आनू, सुती का नायलॉन?" अक्का दरवर्षी "सुती" म्हणे. दोर तोवर आणून झालेला असे.

आखाजीला सकाळी पितरांची घागर भरून व्हायची, आंब्याचा रस आणि सांजोऱ्या व्हायच्या, आणि ऊन डोक्यावर आलं की फोटो. अक्का झोक्यावर, बाकी सगळे दोन्ही बाजूंना. त्यांच्या मागे निंब, निंबामागे बांध, आणि बांधापलीकडे नानांची मोटारीची खोली: विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरसाठी बांधलेली, दगडी, निळ्या दाराची. रोल धुऊन आला की एक प्रिंट अक्काला पाठवायची. ती अल्बममध्ये लावायची. अशी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. लोकांच्या हातात फोन आले, मोबाइलवर शंभर फोटो निघायला लागले, तरी आखाजीचा फोटो या कॅमेऱ्यानेच निघे. रोल आता मागवावा लागतो आणि धुवायला बाहेरगावी पाठवावा लागतो, पण एका फोटोसाठी माणसं दोन महिने वाट बघतात याचा मला गुप्त आनंद होता.

मागच्या थंडीत अक्काकडे भरीत खायला गेलो होतो. जेवण झाल्यावर तिने अल्बम काढला. मी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून एकेक पान तपासत निघालो, आणि मधे कुठेतरी थांबलो. परत मागे गेलो. पट्टी मागितली.

"पट्टी कशाला आता?" अक्का म्हणाली.

"नानांची खोली बघ."

पहिल्या फोटोंत नानांची खोली अक्काच्या मागे लांब, काडेपेटीएवढी होती. मधल्या काही वर्षांत ती मोठी झाली होती. शेवटच्या फोटोंत दुपटीहून मोठी, इतकी की दारावरचं कुलूप दिसत होतं. आणि माणसं मात्र सगळ्या फोटोंत तेवढ्याच मापाची. अक्का तेवढीच, निंबाचं खोड तेवढंच. फक्त खोली वर्षागणिक पुढे येत होती.

"खोली कशी चालेल? दगडाची आहे ती," अक्का म्हणाली.

"पाडून परत बांधली असेल. छपराचं काम काढलं होतं ना त्यांनी? आठव."

छपराचं काम खरंच झालं होतं. कौलं काढून पत्रे टाकले होते. संशयाला असा एखादा खरा खिळा मिळाला की त्यावर वाटेल तेवढं लटकवता येतं. हमरस्ता चौपदरी झाल्यापासून आमच्या भागात जो तो शेजाऱ्याच्या बांधाकडे बघायला लागला होता. नांगर फिरवताना दरवर्षी चार बोटं बांध कोरायचा, म्हणजे दहा वर्षांत हातभर जमीन आपली, ही कला आमच्याकडे जुनी आहे. नाना त्यातले नाहीत, असं मला तोवर वाटत आलं होतं. पण समोर फोटो होते, तारखांसकट.

"बाबा गेले तेव्हा बारा दिवस आपल्या घरी पाणी भरलं त्या माणसाने," अक्का म्हणाली. "तू पट्टी ठेव खाली."

मी पट्टी ठेवली, पण प्रिंट पाकिटात घालून घेतल्या.

धुळ्याला परतताना पारोळ्याला उतरलो आणि रिक्षाने शेतावर गेलो. निंबापासून खोलीपर्यंत पावलं मोजली. पंचवीस भरली. मग बसून त्रैराशिक मांडलं. आज पंचवीस पावलांवर खोली एवढी दिसते, तर पूर्वी तिच्या निम्म्याहून कमी दिसायची, म्हणजे किती पावलांवर असेल? उत्तर पंचावन्न आलं. तीस पावलं जमीन कुठे गेली? खोली पुढे आली म्हणजे बांधही आला असणार, कारण खोली दुसऱ्याच्या शेताकडे सरकवायची आणि बांध जुन्याच जागी सोडून द्यायचा, इतका खुळा कोणी नसतो. प्रश्न एवढाच होता की बांध पुढे येताना मला तो कधी दिसला कसा नाही. त्याचं उत्तर मी असं दिलं की आपण वर्षातून एकदा येतो, आणि येतो तेव्हा रस खातो.

मी हिशेब करत असताना नाना विहिरीकडून आले.

"काय हरपनं का रे भाऊ?"

"नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"मंग धुयाले रस्ता नही शेतस का?"

धुळ्यात रस्ते नाहीत का, हा प्रश्न रास्त होता. मी हसलो. त्यांनी चहाचा आग्रह केला. मी घाई आहे म्हणालो, आणि त्या न घेतलेल्या चहाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं. पुरावा गोळा करणाऱ्याने समोरच्याचा चहा घेऊ नये.

तालुक्याला जाऊन मोजणीचा अर्ज दिला. सोबत एक फाइल केली होती. फोटो क्रमाने लावलेले, प्रत्येकाखाली खोलीची उंची मिलिमीटरमध्ये, शेवटी त्रैराशिक. वरच्या पानावर "परिशिष्ट अ" असं लिहिलं होतं. परिशिष्ट ब नव्हतंच. अर्ज घेणाऱ्या माणसाने फाइल उघडलीही नाही. अर्ज तेवढा ठेवून घेतला आणि फाइल मला परत दिली. मी ते त्याच्या अडाणीपणात जमा केलं.

मोजणी म्हटलं की लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. नानांना गेली. अक्काला आखाजीच्या आठ दिवस आधीचा फोन आला नाही.

तिने मला केला.

"नानांनी दोराचं विचारलं नाही."

"विसरले असतील. वय झालं."

"नोटीस मिळाली त्यांना. गावातून कळलं मला. तू मोजणी कर, हौस भागव. पण मला आखाजीला बोलवू नकोस. कोणत्या तोंडाने बसू मी त्या झोक्यावर?"

"जमीन तुझीही आहे, अक्का."

"मला जमीन नकोय रे. वर्षातला एक दिवस हवाय."

मोजणीचा दिवस आखाजीच्या चार दिवस आधीचा निघाला. मी कॅमेरा घेऊन गेलो, मोजणीचेही तारीखवार फोटो असावेत म्हणून. मोजणीला आलेल्या मॅडम तरुण होत्या. तोंडाला सुती ओढणी, डोक्यावर टोपी, हातात काठीवर बसवलेलं यंत्र. नाना पांढरा सदरा घालून बांधावर उभे होते. लग्नाला जाताना घालतात तो सदरा.

"या सर," ते मला म्हणाले. जन्मभर मी त्यांचा भाऊ होतो. त्या दिवशी सर झालो.

मॅडमनी तास-दीड तास यंत्र ठेवत, उचलत, नकाशा बघत काम केलं. जुन्या हद्दीचा एक दगड मातीत बुजलेला होता, तो सापडला. बांध त्या दगडाच्या ओळीतच होता.

"हद्द जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "कोणीच कुठे सरकलेलं नाही."

मी त्यांना फाइल दिली. त्यांनी मात्र ती उघडली. पहिला फोटो बघितला, शेवटचा बघितला, परत पहिला बघितला. मग माझ्या मिलिमीटरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, अखेर कोणीतरी कदर केली.

"हे काढताना तुम्ही कुठे उभे होतात?"

"इथेच. निंबासमोर."

"निंबासमोर कुठे? पहिला कुठून, हा शेवटचा कुठून?"

यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो पहिलाच प्रश्न होता. आधी आपण कुठे उभे आहोत ते लिहायचं, मग जग मोजायचं. माझ्या परिशिष्टात सगळ्यांची मापं होती, माझी जागा नव्हती.

पहिली काही वर्षं मी उघड्या रानात, माणसांपासून सात-आठ पावलांवर उभा राहत होतो. कॅमेरा नवा होता आणि ऊन सोसण्याची हौस होती. मग चटके बसायला लागले तसा मागे बाभळीच्या विरळ सावलीत गेलो. आमचं शेत बटाईने करणाऱ्याने कापूस ठेवायला आणखी मागे पत्र्याची शेड केली, तेव्हापासून शेडच्या सावलीत बाजेवर बसून फोटो काढायला लागलो. माणसं लहान दिसत, म्हणून झूम पुरती ओढायची. दुकानदार म्हणालाच होता, तुम्ही आरामात राहा.

मॅडमना पाणी देऊन मी कॅमेरा काढला. खात्री करून घ्यायची होती. तोवर मला ती झाली होती, पण डोळ्यांनी बघायचं होतं.

"नाना, जरा निंबाखाली उभे राहता?"

"कसाले? गुन्हेगारना फोटो काढस का?"

"उभे राहा ना."

ते राहिले, पाठ ताठ करून. मी सात-आठ पावलांवर उन्हात उभा राहिलो, झूम सगळी आत घेतली. खिडकीत नाना पायापासून पागोट्यापर्यंत, आणि त्यांच्यामागे खोली, लांब, काडेपेटीएवढी. मग शेडपर्यंत मागे गेलो, बाजेवर बसलो आणि नाना पुन्हा तेवढेच होईपर्यंत झूम ओढली. नाना तेवढेच झाले. खोली त्यांच्या खांद्याला येऊन टेकली. दारावरचं कुलूप दिसलं.

पंचवीस वर्षांत खोली एकदाही हलली नव्हती. हललो होतो मी, तेही सावलीसाठी.

ज्या कॅमेऱ्याला सालही कळत नव्हतं त्याच्यावर मी विसंबलो होतो, ही गोष्ट तर वेगळीच. त्याच्या पोटातलं पंचांग कधीच संपलं होतं. गेली काही वर्षं तो कोपऱ्यात भलतंच जुनं साल छापत होता आणि मी ते खोडून फाइलीत खरं साल शाईने लिहिलं होतं. साल दुरुस्त करताना मला बाकीच्याबद्दल शंका आली नाही.

नाना शेडपर्यंत चालत आले. "काय व्हयनं?"

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. मॅडमना निंबाखाली उभं राहायची विनंती केली. त्या हसत जाऊन उभ्या राहिल्या. नानांनी शेडमधून बघितलं, मग मी त्यांना उन्हात पुढे नेलं, झूम आत घेतली आणि पुन्हा बघायला लावलं. ते बराच वेळ बघत राहिले. एक डोळा मिटायला त्यांना गालावर हात ठेवावा लागत होता.

"मनी खोली तं भलती चालस रे," ते म्हणाले. "बैलबी इतला चालत नही."

मॅडम तोंडावरच्या ओढणीआड हसल्या. मी हसायचं की नाही ते मला ठरवता आलं नाही.

"चुकलं माझं, नाना."

"चुकनं ते चुकनं." त्यांनी कॅमेरा परत दिला नाही. "पन तू माले इचारतास ना. मी तठेच व्हतू. विहिरवर. तू पाय मोजे, मी देखे."

मला विचारलं असतंस ना, एवढंच. मी शेतात पावलं मोजत होतो तेव्हा ते विहिरीवरून बघत होते, आणि मी चहाही घेतला नव्हता. डॉक्टरांचं कारण त्यांनी एका क्षणासाठीही खरं मानलं नसावं. म्हणजे नोटीस येईपर्यंत ते वाट बघत होते, मी कधी विचारतो याची.

मॅडम गेल्या. नाना बाजेवर बसले, कॅमेरा मांडीवर.

"अक्काले फोन लाव."

लावला. अक्काने उचलल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"अक्का, दोर कोणता आनू? सुती का नायलॉन?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नानांनी मान हलवली. "हा. सुतीच." आणि फोन परत देता देता मला म्हणाले, "झोका बांधसू मी. पन औंदा फोटूबी मीच काढसू."

आखाजीला नानांनी झोका बांधला आणि फोटोही काढला. मी त्यांना झूम दाखवली, बटण दाखवलं. त्यांनी सावलीत बसायला नकार दिला. सात-आठ पावलांवर, भर उन्हात, पागोटं मागे सारून उभे राहिले आणि माणसांना हाताने इकडे-तिकडे करत राहिले. मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच फोटोत होतो. मला त्यांनी अगदी कडेला उभं केलं. "तू आनखी तिकडे," म्हणाले. मी सरकलो. "आनखी." पुन्हा सरकलो. मग गालावर हात ठेवून त्यांनी एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले. उन्हात आमचे डोळे भरून आले तरी बटण दाबेनात.

दोन महिन्यांनी रोल धुऊन आला. फोटो उत्तम आहे. अक्का झोक्यावर, पाय जमिनीपासून वर, हसणारी. मागे नानांची खोली तिच्या जागेवर, लांब, काडेपेटीएवढी. डाव्या कडेला एक खांदा आणि एक कान आहे. तो कान माझा.

अक्का म्हणते, नानांचा हात हलला असेल, वय झालं. साध्या कॅमेऱ्यात मी ते मान्य केलं असतं. पण हा रिफ्लेक्स आहे, यात दिसतं तेच येतं. बटण दाबण्यापूर्वी इतका वेळ एक डोळा मिटून बघणाऱ्या माणसाला कडेला नेमकं किती येतंय ते दिसलं असणारच.

मी नानांना विचारलेलं नाही. फोटो अक्काने अल्बममध्ये लावला आहे, जिथून मी बाकीचे काढून नेले होते त्या पानांच्या पुढे.